शल्यचिकित्सेच्या निवासी डॉक्टरांना वैद्यकीय निष्काळजीपणाचा कायदा कसा शिकवावा

हे टिपण वैद्यकीय महाविद्यालयांत शल्यचिकित्सा शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी, म्हणजे युनिटप्रमुखांपासून नव्याने रुजू झालेल्या लेक्चररपर्यंत सर्वांसाठी आहे. एम.एस.च्या तीन वर्षांत निवासी डॉक्टरांची कायद्याशी गाठ पडते ती बहुधा एखाद्या कार्यशाळेत. वकीलसाहेब दोन तास निवाड्यांची नावे आणि भरपाईचे आकडे पडद्यावर दाखवतात, समोर रात्रभर ड्युटी करून आलेली मुले पेंगत असतात, आणि शेवटी एवढेच लक्षात राहते की प्रसंगी कोट्यवधी रुपये मोजावे लागतात. अशा व्याख्यानातून भीती पोहोचते, पण दुसऱ्या दिवशी राउंडला केसपेपरवर काय वेगळे लिहायचे ते पोहोचत नाही. निवासी डॉक्टर रोज स्वतःच्या हाताने जे कागद भरतो, म्हणजे संमतीपत्र, ऑपरेटिव्ह नोट, रात्रीची नोंद आणि डिस्चार्ज कार्ड, त्यांवरूनच हा विषय शिकवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यासाठी वेगळी कार्यशाळा भरवण्याची गरज नाही. पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर थोडे रुळले की नेहमीच्या केस प्रेझेंटेशनच्या वेळेतच पंधरवड्याला एक तास याप्रमाणे पाच-सहा बैठका घेता येतात. गट आठ-दहा जणांचा असावा. मदतीला न्यायवैद्यकशास्त्र विभागातील एक सहकारी आणि ग्राहक आयोगात प्रत्यक्ष कामकाज चालवणारा एक वकील असला की पुरे. वकिलाने काय करायचे, ते पुढे येईल.

पहिली बैठक: तक्रार कुठे जाऊ शकते

नाराज रुग्ण किंवा त्याचे नातेवाईक नेमके कुठे दाद मागू शकतात, हा प्रश्न आधी मुलांनाच विचारावा. ग्राहक आयोग, दिवाणी न्यायालय, पोलीस ठाणे आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल असे चार मार्ग आहेत. एकाच घटनेवरून पैशाचा दावा, फौजदारी तक्रार आणि कौन्सिलकडची तक्रार या तिन्ही गोष्टी समांतर चालू शकतात, हे बहुतेकांना ठाऊक नसते. पहिल्या दोन ठिकाणी प्रश्न नुकसानभरपाईचा असतो, तिसऱ्या ठिकाणी शिक्षेचा आणि चौथ्या ठिकाणी नोंदणीचा. कौन्सिल भरपाई देववू शकत नाही, परंतु ताकीद देऊ शकते आणि ठरावीक काळासाठी किंवा कायमचे नाव नोंदवहीतून काढू शकते.

ग्राहक कायद्यापाशी थोडे थांबावे, कारण गैरसमज तेथेच जास्त आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या प्रकरणात वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली, तेव्हा रुग्णालयांचे तीन प्रकार कल्पिले. जेथे सर्वांवर विनामूल्य उपचार होतात ती रुग्णालये कायद्याबाहेर राहिली आणि केसपेपर काढण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या नाममात्र शुल्काने त्यात फरक पडत नाही. जेथे सर्वांकडून पैसे घेतले जातात ती अर्थातच कायद्याखाली आली. परंतु जेथे काही रुग्ण पैसे देतात आणि काहींवर मोफत उपचार होतात, तेथे मोफत उपचार घेणारा रुग्णही ग्राहक ठरतो. खासगी वैद्यकीय महाविद्यालयातल्या जनरल वॉर्डचा रुग्ण ग्राहक आहे की नाही, हे मुलांना या कसोटीवर स्वतः ठरवू द्यावे. २०१९च्या नव्या कायद्यात सेवेच्या व्याख्येत आरोग्यसेवेचा उल्लेख नाही, म्हणून डॉक्टर त्यातून सुटले, असे अजूनही कानावर येते. हा युक्तिवाद मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये फेटाळला आहे. तक्रार जिल्हा आयोगात जाईल की राज्य आयोगात, हे आता मागितलेल्या भरपाईवर ठरत नसून रुग्णाने दिलेल्या मोबदल्यावर ठरते. ५० लाख रुपयांपर्यंत जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोग. शस्त्रक्रियेचे बिल ५० लाखांवर क्वचितच जात असल्यामुळे व्यवहारात बहुतेक तक्रारी जिल्ह्याच्या ठिकाणीच दाखल होतात.

फौजदारी बाजू थोडक्यात पण नेमकी सांगावी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(१) लागू आहे. निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूसाठी त्यात इतरांना पाच वर्षांपर्यंत, तर वैद्यकीय प्रक्रिया करताना असा मृत्यू घडल्यास नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. मात्र ‘जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य’ या २००५च्या निवाड्याने घातलेली चौकट त्याबरोबरच शिकवली पाहिजे. गुन्हा ठरण्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ आणि गंभीर स्वरूपाचा असावा लागतो, कारवाईपूर्वी तपास अधिकाऱ्याने दुसऱ्या, शक्यतो सरकारी सेवेतील, तज्ज्ञ डॉक्टरचे स्वतंत्र मत घ्यावे आणि केवळ आरोप झाला म्हणून सरसकट अटक करू नये, असे न्यायालयाने सांगितले.

निवाडा शिकवण्याची पद्धत

निकाल आधी सांगितला की विचार थांबतो. म्हणून प्रत्येक प्रकरणातली केवळ हकिगत एका पानावर लिहून वाटावी, पक्षकारांची नावे, न्यायालय आणि निकाल गाळावा, आणि प्रत्येकाने दहा मिनिटांत आपले मत कारणांसह लिहून द्यावे. तोंडी चर्चा त्यानंतरच सुरू करावी, कारण आधी सीनियर बोलला की ज्युनियर त्याचीच री ओढतात.

सुरुवातीला कोकणातले प्रकरण घ्यावे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर सुमारे वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. लाकडी फळ्यांचा आधार देऊन त्याला टॅक्सीने सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करवून पुण्याच्या रुग्णालयात आणले गेले. तेथे मॉर्फियाचे इंजेक्शन, एक्स-रे आणि थिएटरमध्ये हाड ओढून प्लास्टर असा क्रम झाला आणि त्याच रात्री तो दगावला. डॉक्टरांचे म्हणणे मृत्यू फॅट एम्बोलिझमने, म्हणजे चरबीचे कण रक्तवाहिनीत अडकल्याने, झाला असे होते, तर भूल न देता, तीन माणसांच्या मदतीने अवाजवी जोर लावून हाड ओढल्यामुळे शॉक बसला, असा वडिलांचा आरोप होता. हकिगत येथे थांबवावी. मुलांनी लिहून झाल्यावर सांगावे, की हे ‘डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले’ हे प्रकरण असून सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये डॉक्टरांना जबाबदार धरणारा खालच्या न्यायालयांचा निर्णय कायम केला. भरपाई होती ३,००० रुपये. त्यात सांगितलेली तीन कर्तव्ये आजही अनेक निवाड्यांत उद्धृत होतात: रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यावा हे ठरवताना आणि तो उपचार प्रत्यक्ष देताना घ्यावयाची काळजी. मुलांच्या स्वतःच्या उत्तरांत यांपैकी कोणते कर्तव्य सुटले, ते फळ्यावर मांडावे. पहिले कर्तव्य सहसा सुटते, कारण सरकारी रुग्णालयात रुग्ण नाकारण्याचा प्रश्न येत नाही, असे ते धरून चालतात. आपल्याकडे आयसीयूची खाट नाही किंवा रक्त उपलब्ध नाही, हे माहीत असताना ऐच्छिक शस्त्रक्रिया लावायची का, हा त्या पहिल्या कर्तव्याचाच प्रश्न आहे.

दुसरे प्रकरण शल्यचिकित्सकांसाठी याहून महत्त्वाचे आहे आणि त्याला पूर्ण तास द्यावा. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सरकारी रुग्णालयात प्रसूतीनंतर एका महिलेवर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. ताप आणि पोटदुखी वाढत गेली, काही दिवसांनी पोट पुन्हा उघडले तेव्हा आत मॉप (रक्त टिपण्याचा कापडी तुकडा) सापडला, आणि त्यानंतर काही दिवसांतच ती वारली. ‘अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात २० फेब्रुवारी १९९६ रोजी, घटनेनंतर बत्तीस वर्षांनी, निकाली निघाले. पोटात मॉप राहणे ही अशी बाब आहे की निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करावा लागत नाही, वस्तुस्थितीच बोलते, असे न्यायालयाने मानले आणि आपल्या कर्मचाऱ्यांच्या चुकीची जबाबदारी राज्य शासनावर टाकली.

हे सांगून झाले की वर्गाला एकच काम द्यावे. त्या दिवशी थिएटरमध्ये कोण कोण असेल त्यांची यादी करायची आणि पोट बंद होण्यापूर्वी मॉप राहिल्याचे प्रत्येकाच्या लक्षात कसे आले असते, ते लिहायचे. सर्जन, असिस्ट करणारा निवासी डॉक्टर, स्क्रब सिस्टर, फ्लोअर सिस्टर, भूलतज्ज्ञ, मॉप उचलून ठेवणाऱ्या मावशी. मग आपल्याच थिएटरमधली गेल्या आठवड्यातली काउंटची, म्हणजे मॉप मोजल्याची, नोंद काढून वाचावी. ‘काउंट पूर्ण’ एवढेच शब्द असतील तर कोणी मोजले, किती वेळा मोजले, शस्त्रक्रियेच्या मध्यात वाढवलेले मॉप कोठे लिहिले आणि सिस्टरची पाळी बदलली तेव्हा मोजणी कोणी कोणाच्या हाती दिली, हे विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या सुरक्षित शस्त्रक्रियेच्या तपासणी-यादीत १९ मुद्दे आहेत आणि रुग्ण थिएटरबाहेर जाण्यापूर्वी मोजणी मोठ्याने सांगणे हा त्यांतला एक आहे. आपल्याकडे ती यादी अनेकदा शस्त्रक्रिया संपल्यावर एका दमात भरली जाते. अशी यादी न्यायालयात डॉक्टरच्या बाजूने उभी राहत नाही.

या दोन प्रकरणांनंतर मुले घाबरलेली असतात आणि प्रत्येक गुंतागुंत म्हणजे खटला, असे त्यांना वाटू लागते. तेव्हा दुसरी बाजू आवर्जून मांडावी. त्याच क्षेत्रातील जबाबदार तज्ज्ञांच्या एका वर्गाला मान्य असलेली पद्धत अवलंबणारा डॉक्टर निष्काळजी ठरत नाही, ही १९५७च्या इंग्लंडमधील ‘बोलम’ प्रकरणातली कसोटी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारली आहे. निर्णयात चूक होणे म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, हेही वारंवार सांगितले गेले आहे. ‘पंजाब राज्य विरुद्ध शिवराम’ या २००५च्या निवाड्यात, कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर गर्भ राहिला एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही, असे स्पष्ट झाले. वर्गासाठी उदाहरण पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे घ्यावे. पित्तनलिकेला इजा होणे ही ज्ञात गुंतागुंत आहे. पण तिसऱ्या दिवशी ड्रेनमधून (पोटात ठेवलेल्या निचऱ्याच्या नळीतून) पित्त येत असताना ‘वाट पाहू’ म्हणून सोनोग्राफीही न करणे, नातेवाईकांपासून ते लपवणे आणि रेफर करताना चिठ्ठीत इजेचा उल्लेख टाळणे, या गोष्टींचा बचाव करता येत नाही. वाद बहुधा इजेवर सुरू होऊन नंतरच्या दिवसांवर येऊन ठरतो.

‘सरांनी सांगितले होते’

निवासी डॉक्टरांच्या मनातला खरा प्रश्न हा असतो आणि शिक्षकासमोर तो विचारायला ते कचरतात, म्हणून तो आपणच काढावा. शिकाऊ असणे हा बचाव आहे का? इंग्लंडमधील ‘विल्शर’ प्रकरणात अपील न्यायालयाने १९८६ मध्ये याची उत्तम चिकित्सा केली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला कॅथेटर (बारीक नळी) धमनीऐवजी शिरेत घातला गेला. घालणाऱ्या कनिष्ठ डॉक्टरने ज्येष्ठाला दाखवले होते, चूक ज्येष्ठाच्याही लक्षात आली नाही. अननुभव हा बचाव मान्य झाला नाही, पण ज्येष्ठाचा सल्ला घेऊन कनिष्ठाने आपले कर्तव्य पार पाडले, असे ठरले. हा निवाडा आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, तरी शिकवण्यासाठी याहून चांगला मला सापडलेला नाही, कारण ‘कॉल दिला’, म्हणजे ज्येष्ठाला कळवले, हे वाक्य किती मोलाचे आहे ते त्यातून कळते. त्याची दुसरी बाजू शिक्षकांच्या अंगावर येते. रात्री दोन वाजता आलेल्या फोनवर जे युनिटप्रमुख वसकन ओरडतात, त्यांचे निवासी डॉक्टर फोन करणे टाळतात.

संमती: मराठीत बोलून पाहावे

‘समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा’ (१६ जानेवारी २००८) या प्रकरणात रुग्ण महिलेने निदानासाठीच्या लॅपरोस्कोपीला (दुर्बिणीने पोट तपासण्याला) संमती दिली होती. ती भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. सज्ञान, सक्षम रुग्णाच्या वतीने आईला संमती देता येत नाही आणि जिवाला तातडीचा धोका नसताना शस्त्रक्रिया वाढवता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. निदान आणि उपचार चांगल्या हेतूने झाले होते, तरी डॉक्टरांना शस्त्रक्रियेची फी नाकारली गेली आणि २५,००० रुपये भरपाई द्यावी लागली. शस्त्रक्रियेचे स्वरूप व हेतू, फायदे, पर्याय, महत्त्वाचे धोके आणि ती न केल्यास काय होईल, एवढे रुग्णाला कळले पाहिजे, ही या निवाड्यातली यादी मुलांना पाठ हवी.

पाठांतर पुरत नाही, म्हणून येथे प्रात्यक्षिक घ्यावे. एका निवासी डॉक्टरने रुग्ण व्हावे, दुसऱ्याने त्याचा थोरला भाऊ, आणि तिसऱ्याने एकही इंग्रजी शब्द न वापरता समजावून सांगावे. पहिल्या प्रयत्नात बहुतेक जण ‘काका, छोटंसं ऑपरेशन आहे, इथे सही करा’ यापुढे जात नाहीत. पुढचे सांगणे साधारण असे व्हावे: ‘काका, पित्ताच्या पिशवीत खडे आहेत, म्हणून ती पिशवी दुर्बिणीने काढायची आहे. आत फार चिकटलेलं असेल तर पोट उघडून करावं लागतं, ते आत गेल्यावरच कळतं. पित्ताच्या नळीला इजा होण्याचा धोका थोडा असतो. तसं झालं तर पुन्हा ऑपरेशन किंवा मोठ्या दवाखान्यात पाठवणं लागू शकतं. ऑपरेशन नाहीच केलं तर दुखणं परत येऊ शकतं, कावीळही होऊ शकते. आता मी काय म्हणालो, ते तुम्ही मला तुमच्या शब्दांत सांगा.’ शेवटचे वाक्य कोणीही गाळू नये. मग ‘पोट उघडण्याची शक्यता समजावली’ हे संमतीपत्रात हाताने लिहावे. रुग्ण अंगठा लावत असेल तर वाचून दाखवणाऱ्याचे नाव आणि साक्षीदाराची सही घ्यावी. भावाची सही साक्षीदार म्हणून चालते, काकांच्या सहीऐवजी चालत नाही. बेशुद्ध रुग्णाचा जीव वाचवण्यासाठी संमती मिळण्याची वाट पाहावी लागत नाही. न्याय संहितेचे कलम ३० सद्भावनेने केलेल्या अशा उपचाराला संरक्षण देते, मात्र तातडी काय होती आणि नातेवाईकांचा शोध कसा घेतला, ते लिहून ठेवावे.

केसपेपर आणि उलटतपासणी

नावे झाकलेल्या आपल्याच वॉर्डातल्या नोंदी फळ्यावर लावाव्यात. ‘पेशंट पाहिला, सीएसटी, नातेवाईकांना सांगितले’ (सीएसटी म्हणजे तेच उपचार चालू) ही नोंद सगळ्यांच्या ओळखीची असते. त्याच रात्रीची नोंद अशी असती तर काय फरक पडला असता, ते विचारावे: ‘रात्री २.४०, नाडी ११८, रक्तदाब ९०/६०, ड्रेनमध्ये २०० मिलि ताजे रक्त. २.५० ला लेक्चररांना फोन, त्यांनी दोन पिशव्या रक्त व थिएटर तयार ठेवण्यास सांगितले. ३.१५ ला स्वतः येऊन तपासले. पत्नी व मुलाला पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते असे सांगितले.’ हे लिहायला तीन मिनिटे लागतात. चूक दुरुस्त करताना जुने वाचता येईल अशी एकच रेघ मारून तारीख, वेळ आणि सही करावी. उशिरा आठवलेले ‘उशिरा केलेली नोंद’ असे म्हणूनच लिहावे. दुसऱ्या युनिटने काय बिघडवले त्यावरचे शेरे केसपेपरवर लिहू नयेत. जुने पान फाडून नवे लावण्याचा विचारही कोणी करू नये, कारण झेरॉक्स आधीच नातेवाईकांकडे असू शकते. व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात आणि ते किमान तीन वर्षे जपावे लागतात. मेडिको-लीगल (पोलीस नोंद झालेल्या प्रकरणांतले) किंवा वादातले कागद अर्थातच निकाल लागेपर्यंत ठेवावेत.

आता वकिलाला बोलवावे आणि भाषण करू देऊ नये. निवासी डॉक्टराने सहा महिन्यांपूर्वी लिहिलेली ऑपरेटिव्ह नोट, ओळख पटणारा मजकूर काढून, आदल्या दिवशी वकिलाला द्यावी आणि त्याने पंधरा मिनिटे उलटतपासणी घ्यावी. ‘नोटवर वेळ नाही, मग ती त्याच दिवशी लिहिली हे आयोगाने कशावरून मानायचे?’ ‘सर्जन म्हणून सरांचे नाव आहे, प्रत्यक्ष टाके कोणी घातले?’ ‘व्हॉट्सॲपवर तुम्ही एक्स-रेचा फोटो ११ वाजता पाठवलात, केसपेपरवर एक वाजलेला आहे, खरे कोणते?’ न आठवणारी गोष्ट आठवते असे सांगण्याचा मोह येथे प्रत्येकाला होतो. ‘आता आठवत नाही, नोंदीत असे आहे’ हे उत्तर पूर्णपणे प्रतिष्ठेचे आहे, हे तेथल्या तेथे शिकवावे. मॉर्बिडिटी-मॉर्टॅलिटी बैठकीतील, म्हणजे विभागात गुंतागुंती व मृत्यूंचा आढावा घेताना होणाऱ्या, चर्चेला वेगळे कायदेशीर संरक्षण देणारा कायदा आपल्याकडे नाही, म्हणून सरावासाठी चालू वादातले प्रकरण कधीही घेऊ नये.

नोटीस आल्यावर

शेवटच्या बैठकीत क्रम सांगावा. नोटीस ज्या दिवशी मिळाली ती तारीख तिच्यावर लिहून त्याच दिवशी युनिटप्रमुख आणि अधिष्ठाता किंवा वैद्यकीय अधीक्षक यांना लेखी कळवावे. स्वतःचा व्यावसायिक विमा असेल तर कंपनीलाही कळवावे. मूळ कागद अभिलेख विभागात सीलबंद करून त्यांची प्रत आपल्याजवळ ठेवावी. ग्राहक आयोगात लेखी जबाबासाठी ३० दिवस मिळतात, त्यात जास्तीत जास्त १५ दिवसांची वाढ होते आणि ४५ दिवसांपलीकडे ती देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवले आहे. बदलीच्या, परीक्षेच्या किंवा गावी जाण्याच्या धांदलीत ही मुदत गेली की आपली बाजू मांडण्याची संधीच जाते. नातेवाईकांना परस्पर फोन करू नये, बॅचच्या ग्रुपवर त्याविषयी अक्षरही लिहू नये.

निवासी डॉक्टर कोर्स संपवून गेल्यावरही त्याला समन्स येऊ शकते, म्हणून विभागाने प्रत्येकाचा कायमचा पत्ता आणि फोन नोंदवून ठेवावा आणि तक्रार आली की बाहेर पडलेल्या माजी विद्यार्थ्यालाही त्याच दिवशी कळवावे. नोटिशीत ज्याचे नाव आहे त्याच्या थिएटरच्या पाळ्या कापू नयेत. सुनावणीच्या तारखेला त्याला रजा द्यावी आणि पहिल्या तारखेला युनिटमधील एका ज्येष्ठाने त्याच्याबरोबर जावे.